रुग्णवाहिकेचे भाडे कोणी द्यावयाचे?

आपल्या वसई-विरार भागातील रुग्णास मोठ्या इलाजासाठी मुंबईस न्यावयाचे म्हणजे खाडी ओलांडणे आले. महामार्गावर वर्सोवा पुलाजवळ गाडी अडकली की वेळ जातो, आणि घरच्यांना भाड्याची चिंता असतेच.

२००५ साली मुंबईत काही मित्रांच्या झिकित्झा कंपनीने ‘१२९८’ ही रुग्णवाहिका सेवा सुरू करून यावर साधा तोडगा काढला. उत्पन्नाचा दाखला विचारावयाचा नाही. रुग्ण कोणत्या रुग्णालयात जातो तेवढे पाहावयाचे. खाजगी रुग्णालयात जाणाऱ्याने पूर्ण भाडे द्यावे, सरकारी वा पालिकेच्या रुग्णालयात जाणाऱ्याने बरेच कमी, अपघातातील जखमीस मोफत. एकाच्या भाड्यातून दुसऱ्याची फेरी निघे. यास कोणी दानधर्म म्हणो वा धंदा, गरिबास हात पसरावा लागत नसे, हे आम्हांस मोलाचे वाटते. मात्र घाबरलेले गरीब कुटुंबही जवळचे खाजगी रुग्णालय गाठते. तेथे हा हिशेब तोकडा पडतो.

२०१४ पासून राज्य शासनाची १०८ क्रमांकाची सेवा विनामूल्य असून तिच्या गाडीत डॉक्टर असतो. विद्यार्थ्यांनी हा क्रमांक घरातील वडीलधाऱ्यांकडून पाठ करून घ्यावा. रस्त्यावरील जखमीस सद्‌हेतूने मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणी मागे फिरू नये. फोनवर प्रथम ठिकाण व जवळची खूण सांगावी.