पिनकोड आणि राउटर

गेल्या वर्षी माझ्या दादाला मुलाखतीचे पत्र आले, ते मुलाखतीची तारीख उलटून गेल्यावर. दोष टपालाचा नव्हता, माझा होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे अर्ज लिहिणे, फॉर्म भरणे ही कामे माझ्याकडे असतात. अलिबागच्या मैत्रिणीचा फॉर्म समोर ठेवून मी दादाचा भरला. मुक्काम डोलवी, तालुका पेण हे नीट लिहिले, पण पिनकोड मात्र तिचाच उतरवला. ४०२१०७ च्या जागी ४०२२०१. दादा काही बोलला नाही. पाकिटावरचे शिक्के त्याने उलटसुलट करून पाहिले आणि पाकीट फळीवर ठेवून दिले.

गावाचे नाव एवढे स्वच्छ लिहिले असताना पत्र चुकलेच कसे, हे मला समजेना. म्हणून पिनकोडची माहिती काढली. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेळणकर यांनी आखली. ते केंद्रीय दळणवळण खात्यातील अधिकारी, आणि संस्कृतातले कवी व नाटककारही. (कला शाखेच्या मुलांना गणितात काय कळते, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे!) १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड देशभर लागू झाला. त्यातला पहिला आकडा विभाग सांगतो. आपला ४, त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड येतात. पुढचे दोन आकडे धरले की टपाल छाननीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन आकडे वाटपाचे पोस्ट ऑफिस दाखवतात. पेण ४०२१०७, रोहा ४०२१०९, नागोठणे ४०२१०६. म्हणजे पेण आणि अलिबाग पहिल्या तीन आकड्यांपर्यंत एकच. फाटा फुटतो तो चौथ्या आकड्याला. पेणहून निघालेली एस. टी. वडखळ नाक्यापर्यंत बरोबर यावी आणि तिथून नागोठण्याऐवजी अलिबागच्या रस्त्याला लागावी, तसे दादाच्या पत्राचे झाले. गंमत अशी की उरण ४००७०२ आणि पनवेल ४१०२०६ ही दोन्ही आपल्याच रायगडातली, पण आकडे निराळे. पिनकोड टपालाच्या वाटेने चालतो, जिल्ह्याच्या हद्दीने नव्हे.

आता मूळ विषय. मी आणि माझी एक मैत्रीण मिळून वाचनालयातील जुन्या वार्षिकांकांची सूची संगणकावर करीत आहोत. सूची मागणाऱ्याला योग्य ते पान काढून देणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. आमचा सर्व्हर जावास्क्रिप्ट भाषेत, नोड या व्यवस्थेवर चालतो. प्रत्येक पानाला पत्ता असतो, तो यूआरएल. पत्ता वाचून मागणी कोणत्या कामाकडे द्यायची हे ठरवणारा भाग म्हणजे राउटर. पोस्टात पत्रांची छाननी करणारा जे करतो, तेच हा करतो.

प्रथम आम्ही ‘एक्स्प्रेस’ वापरला. तो बहुतेक सर्व जण शिकतात. त्यात पत्ते ज्या क्रमाने लिहिले असतील त्या क्रमाने एकेक ताडून पाहिले जातात. हा का? नाही. मग हा का? पोस्टमनने प्रत्येक दारात उभे राहून ‘हे पत्र तुमचे का’ विचारावे, तसे. शंभर पत्ते असतील तर शेवटच्यापर्यंत पोचायला शंभरदा विचारावे लागते.

‘फाइंड-माय-वे’ ही टोमास देला वेदोव्हा यांनी लिहिलेली लायब्ररी (पुस्तकांची नव्हे, तयार प्रोग्रॅमचा संच) वेगळ्या रीतीने चालते. ‘फास्टिफाय’ या सर्व्हरच्या पोटात हाच राउटर आहे. पत्त्यांचा जो आरंभ समान असेल तो एकदाच लिहून पुढे फांद्या काढायच्या, असे झाड तो आधी रचून ठेवतो. ‘/अंक/यादी’ आणि ‘/अंक/लेखक’ यांतले ‘/अंक/’ एकदाच तपासले जाते. (खरे पत्ते आम्ही रोमन लिपीत ठेवले आहेत, इथे सोयीसाठी मराठीत देते.) असे झाड ही जुनी कल्पना आहे. एडवर्ड फ्रेडकिन यांनी १९६० साली त्याला ‘ट्राय’ हे नाव दिले आणि डोनाल्ड मॉरिसन यांनी १९६८ साली त्याचे आटोपशीर रूप मांडले. वेळणकरांनी ते वाचले होते की नाही कोण जाणे, पण पिनकोडचे झाडही तसेच वाढते.

वापरायला हे अवघड नाही. राउटर तयार करायचा, ‘ऑन’ या आज्ञेने मागणीचा प्रकार, पत्ता आणि करायचे काम त्याला सांगून ठेवायचे आणि सर्व्हरकडे मागणी आली की ती ‘लुकअप’कडे सोपवायची. पत्त्याचा बदलता भाग विसर्गासारख्या दोन टिंबांनी दाखवतात. ‘/अंक/:वर्ष’ लिहिले की १९७८ काय किंवा १९८२ काय, कोणतेही वर्ष त्यात बसते. एक खोच मात्र आहे. ‘/अंक’ आणि शेवटी तिरकी रेघ असलेले ‘/अंक/’ हे त्याच्या लेखी दोन निराळे पत्ते. एकच मानायचे तर तसे आधी सांगावे लागते. यात आमची एक दुपार गेली.

प्रामाणिकपणे सांगायचे तर वेगाचा फरक आम्हाला जाणवला नाही. आमचे पत्ते जेमतेम दहा-बारा. खरा वेळ जातो तो माहिती शोधण्यात आणि इथल्या नेटवर्कमध्ये. आमच्या उपयोगी पडली ती दुसरीच गोष्ट. एक्स्प्रेसमध्ये आम्ही ‘/अंक/:वर्ष’ आधी लिहिले होते आणि ‘/अंक/यादी’ नंतर. त्यामुळे कोणी यादी मागितली की ‘यादी’ नावाच्या वर्षाचा अंक शोधला जाई आणि उत्तर येई, असा अंक नाही. मैत्रीण म्हणाली, “अगं, क्रम बदल म्हणजे झालं.” तेही खरेच. पण उद्या कोणी नवा पत्ता मध्येच घातला तर? फाइंड-माय-वे ठरीव शब्दाला बदलत्या भागापेक्षा आधी मान देतो, मग तुम्ही कोणत्याही क्रमाने लिहा. चुका करणाऱ्या माणसाला, म्हणजे मला, हे बरे वाटले.

कुठल्याच फांदीवर न बसणारा पत्ता आला तर काय करायचे, हेही राउटरला सांगून ठेवता येते. तयार उत्तर असते नुसते ‘४०४’. मैत्रिणीच्या मते तेवढे पुरे होते. मी हट्टाने तिथे एक वाक्य घातले आहे: “आपण मागितलेले पान या पत्त्यावर नाही. पत्ता पुन्हा तपासावा किंवा वाचनालयात ग्रंथपालबाईंना विचारावे.”