उचल

आमच्या बीडकडे 'उचल' म्हणजे ऊसतोडीला निघण्याआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. ते आधी खर्च होतात, मग हंगामभर कोयता चालवून फेडायचे. गेल्या जूनमध्ये थेरगावच्या जिममध्ये मीही तशीच उचल घेतली. ती फिटायला वर्ष लागलं.

चाकणची पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमधून डांगे चौकात उतरायचं आणि थेट जिम गाठायची. तिसऱ्याच आठवड्यात शेजारचा पोरगा शंभरचं डेडलिफ्ट मारताना दिसला, म्हणून मी बारला ऐंशी लावले. बार वर आला, पण पाठ कमानीसारखी वाकली. दुसऱ्या दिवशी बुटाची नाडी बांधायला बायकोला हाक मारावी लागली. गणपतीपर्यंत जिम बंद.

गणपतीनंतर नवे सर भेटले. त्यांनी बारऐवजी झाडूचा दांडा दिला. तो पाठीवर उभा धरायचा. डोकं, खांद्याच्या पात्यांमधली जागा आणि माकडहाड, तिन्हीकडे टेकलेला. तसंच वाकायचं, एकही जागा सुटू द्यायची नाही. पहिले चार दिवस दांडा दर वेळी माकडहाडापासून सुटायचा. सर म्हणायचे, "दादा, पाठीतनं नाही, खुब्यातनं. हातात सामान आहे अन् मागचं दार बुडानं लोटायचंय असं समजा."

दिवाळीनंतर नुसता बार, वीस किलोचा. तेव्हा आणखी एक गोम कळली. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटचा व्यास 450 मिलिमीटर, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. आमच्या दहाच्या प्लेट जेवणाच्या ताटाएवढ्या. त्या लावल्या की बार घोट्याकडे उतरतो, आणि मांड्या आखडलेला माणूस तिथवर पोचायला पाठच वाकवतो. सरांनी दोन्ही बाजूंना खाली प्लेटांची चळत घातली. दिवसभर व्हर्नियर हाताळणाऱ्या मला ही चार बोटांची चूक दिसली नव्हती!

जानेवारीत साठवर आलो. खरं काम बार जमिनीवर असतानाच होतं. बार नाड्यांच्या वर, नडगीला जवळजवळ लागून. पोटात श्वास भरून कोंडायचा, बगला आवळायच्या, आणि बार प्लेटच्या भोकाच्या वरच्या कडेला टेकून 'टक्' वाजेपर्यंत हात ताणायचे. मग पायांनी जमीन खाली दाबायची. बार पुढे सरकला की कंबरेवरचा ताण वाढतो. भरलेली बादली हात लांब करून धरली की हे लगेच कळतं.

सर मोबाइलवर सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरची 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतली कामगिरी दाखवायचे. 55 किलो गट, क्लीन अँड जर्कमध्ये 135, एकूण 248 किलो, रौप्य. खेळ वेगळा, पण बार जमीन सोडतो तिथं सर व्हिडिओ थांबवायचे, "पाठ बघा फक्त." पुढच्या प्रयत्नात त्याचं कोपर दुखावलं आणि सुवर्ण एका किलोनं हुकलं. तो भागही सर न विसरता दाखवायचे.

मेमध्ये शंभर उचलले. एकदाच, पण सरळ पाठीनं. शेजारच्या पोराचं लक्षही नव्हतं.

परवा घरी सिलिंडर आला. मी पाय रोवले, बूड मागं नेलं, श्वास कोंडला. बायको ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, "उचलताय की पाया पडताय?"