मुलांकडून शिकू या ‘अजून वाढा’ आणि ‘बास’

‘समाधान मान’ हे शब्द आपण बायका लहानपणापासून ऐकत आलो. भावाला शिकू दे, तू शाळा सोड, समाधान मान. भाजी संपली, चटणीशी खा, समाधान मान. म्हणून समाधानाचा विषय निघाला की वाटतं, आता पुन्हा गप्प बसायला सांगणार. मला मात्र वेगळं सांगायचंय. खरं समाधान कसं असतं, ते आपली मुलं दाखवतात.

शाळेतली दुपारची पंगत बघा. पोषण आहाराची ही योजना १९९५ साली सुरू झाली. आता तिचं नाव पीएम पोषण. कितीतरी गावांत ही खिचडी बचत गटाच्या बायकाच शिजवतात. मुलं हात जोडून श्लोक म्हणतात आणि जेवायला लागतात. भूक असली की पोर लाजत नाही. “मावशी, अजून वाढा!” म्हणतं. पोट भरलं की ताटावर आडवा हात धरतं, “बास!” आणि खेळायला पळतं.

यात दोन गोष्टी आल्या. गरज असेल तर मागायचं, भागली की थांबायचं. आपलं नेमकं उलटं होतं.

जिथं मागायला हवं तिथं आपण गप्प राहतो. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं खातो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. कारणं बरीच आहेत, पण आपलं उपाशी-अर्धपोटी राहणं त्यातलं एक. हे समाधान नाही, हे सोसणं आहे.

आणि जिथं थांबायला हवं तिथं थांबत नाही. आपलं कासारसाई हिंजवडीच्या शेजारी. आजूबाजूला बंगले उठले, धरणावर शहरातल्या गाड्या येतात. बघून बघून आपल्यालाही वाटतं, तसा सोफा हवा, तसा टीव्ही हवा. दुभत्या गाईसाठी कर्ज काढलं तर गाय हप्त्याला हातभार लावते. शेजारणीचं बघून आणलेला सोफा काही हप्ता फेडत नाही. तो आपल्याच मजुरीतून जातो.

तुम्ही म्हणाल, ताई, मुलंही मोबाईलसाठी हट्ट करतात की! करतात. पण ‘त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे नाही’ हे घरात रोज कानावर पडलं, तर पोर तेच शिकणार.

तिसरी गोष्ट वाटून खाण्याची. २०१२ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या संशोधकांनी दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खाऊ दिला आणि त्यातला थोडा एका बाहुलीला द्यायला सांगितला. खाऊ मिळाला तेव्हापेक्षा स्वतःच्या वाटीतला दिला तेव्हा मुलं जास्त खूश दिसली. आपल्याला यात नवल नाही. गोपाळकाल्यात सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र होतात, तेव्हाच काला गोड लागतो. बचत गटही तसाच की!

राहिली कृतज्ञता. रात्री मुलाला विचारा, “आज कोणी तुझ्यासाठी काय केलं?” पोर नेमकं सांगतं: आजीनं काटा काढला, मित्रानं पेन्सिल दिली. अमेरिकेतले रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांनी २००३ साली याचा अभ्यास मांडला. आपल्याला काय लाभलं हे नियमानं लिहिणाऱ्यांना, कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा आयुष्याबद्दल बरं वाटत होतं.

तर येत्या मासिक बैठकीत वसुलीच्या आधी प्रत्येकीनं दोन वाक्यं बोलायची. या महिन्यात माझं काम कोणामुळे सोपं झालं? आणि मला स्वतःसाठी काय मागायचंय? पहिलं मनापासून बोला. दुसरं बोलताना लाजू नका. पंगतीतल्या पोरासारखं मोठ्यानं म्हणा, “अजून वाढा!”