वातायन आणि वायुवीजन : बीड जिल्ह्यातील घरांसंबंधी एक टिपण

'वातायन' म्हणजे वाऱ्याची वाट. 'वायुवीजन' या शब्दातील 'वीजन' म्हणजे पंख्याने वारा घालणे. घरात यंत्राने हवा खेळविण्याचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवणे इष्ट होय. बीड जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या घरांत वीजन नव्हते, वातायन मात्र होते : मातीच्या जाड छपरात ठेवलेले 'साणे'. त्यातून धूर आणि रात्री आतली उष्ण हवा वर निघून जाई. भर दुपारी बाहेरची हवाच आतल्यापेक्षा अधिक तापलेली असते; त्या वेळी साणे झाकणे हेच शहाणपणाचे.

माळवदाच्या जागी पत्रा व स्लॅब आले आणि दुपारच्या उष्म्यासाठी यंत्राची गरज भासू लागली. एक्झॉस्ट फॅन स्वयंपाकघरातील धूर बाहेर टाकतो खरा, परंतु दुपारी तो बाहेरचा उष्मा आत ओढून घेतो. कूलरची रीत निराळी. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता हवेतून शोषली जाते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे कार्य उत्तम चालते. पावसाळ्यात तोच कूलर जवळजवळ निरुपयोगी ठरतो. शिवाय आत आलेल्या हवेला बाहेर पडावयास वाट हवी. खिडक्या घट्ट लावून कूलर चालविणारी घरे पुष्कळ आढळतात; त्यांत वीजन आहे, वातायन नाही, आणि खोली केवळ दमट होते.

खर्चाचा हिशेब सामान्यतः विजेपुरताच केला जातो. १५० वॅटचा कूलर १० तास चालल्यास दीड युनिट वीज लागते, म्हणून तो स्वस्त मानतात. परंतु ताशी ५ लिटर धरले, तर तेवढ्याच वेळात ५० लिटर पाणी उडून जाते. २०१९ साली आरंभ झालेल्या जल जीवन मिशनचे ग्रामीण मान दरडोई दररोज ५५ लिटर आहे. कूलर आणणे म्हणजे, पाण्यापुरते पाहता, घरात एक माणूस वाढविणे होय. २०१६ साली केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण आटले व लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी हा 'वाढीव माणूस' टँकरच्या पाण्यावर पोसावा लागतो.

कूलर दुपारचे ५ तास चालवून, सायंकाळी बाहेरची हवा निवल्यावर एक्झॉस्ट फॅन लावला व समोरची खिडकी उघडी ठेवली, तर ५० लिटरांचे २५ होतात.