ठराव झाला, सही काही थांबली नाही!

हसदेवच्या जंगलात आता कोळशाच्या खाणी नकोत, असं छत्तीसगडच्या विधानसभेने २०२२मध्ये एकमताने सांगितलं. तरीही कुऱ्हाड चालली. ज्या भिलाईचा संसार कोळशाच्या आचेवर उभा राहिला, तिथल्या घरांनीही याचा जाब विचारायला हवा. तो का?

भिलाईत राहून कोळशाला नावं ठेवणं सोपं नाही. इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. मग नोकरीच्या ओढीने देशभरातून माणसं आली. नागपूर-भंडाऱ्याकडची मराठी कुटुंबंही आली, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये रमली. मुलांची शिक्षणं झाली, लग्नं झाली, नातवंडं इथेच मोठी झाली. लोहखनिज दल्ली-राजहराचं आणि आच कोळशाची. त्यातून तयार झालेल्या रुळांवरून आज देशभर गाड्या धावतात.

म्हणूनच जवळच्या पाटणचे आमदार आणि तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी २०२२मध्ये, ‘खाणीला विरोध करणाऱ्यांनी आधी आपल्या घरची वीज बंद करावी,’ असं सुनावलं, तेव्हा ते पटकन पटण्यासारखं वाटलं. पंखा हवा, फ्रिज हवा आणि खाण मात्र नको, हे कसं?

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. पेटलेली चूल आज विझवा, असा आग्रह नाही. जंगल तोडून आणखी नव्या चुली का मांडायच्या, एवढंच विचारायचं आहे.

एक जंगल आणि किती सह्या!

हसदेव अरण्य राज्याच्या उत्तरेला कोरबा, सरगुजा आणि सूरजपूर या जिल्ह्यांत पसरलेलं आहे. सुमारे १ लाख ७० हजार हेक्टरचं हे साल-मोहाचं जंगल. हत्तींची ये-जा इथूनच होते. हसदेव नदीला पाणी पुरवणारं आणि त्या पाण्यावर बांगो धरणाखालची जांजगीर-चांपाकडची भातशेती जगवणारं जंगलही हेच. शेकडो आदिवासी कुटुंबांचा मोह, तेंदूपत्ता आणि सरपण याच रानातून येतं. दुर्दैव एवढंच, की त्याच्या पोटात कोळसा आहे.

केंद्राच्या पर्यावरण आणि कोळसा खात्यांनी मिळून केलेल्या पाहणीत २०१०च्या सुमारास हे जंगल खाणींना पूर्ण वर्ज्य ठरलं होतं. पण जून २०११मध्ये पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी, वनसल्लागार समितीचं मत बाजूला सारून, परसा ईस्ट-केते बासनच्या खाणीला परवानगी दिली. ही खाण जंगलाच्या कडेला आहे, राज्याने मुख्य जंगलासाठी नवे अर्ज आणू नयेत, असं त्यांचं म्हणणं. कोळसा राजस्थानच्या सरकारी वीज कंपनीचा, खाण चालवण्याचं काम अदानी समूहाकडे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४मध्ये ती परवानगी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र काम चालू ठेवू दिलं. दार किलकिलं झालं ते झालंच.

खुर्ची बदलली की सूर बदलतो

जून २०१५मध्ये राहुल गांधी हसदेवमधल्या मदनपूर गावी गेले आणि गावकऱ्यांच्या पाठीशी उभं राहण्याचा शब्द देऊन आले. तेव्हा राज्यात भाजपचं सरकार होतं. २०१८मध्ये काँग्रेस सत्तेवर आली. ऑक्टोबर २०२१मध्ये सुमारे साडेतीनशे गावकरी फतेहपूरहून तीनशे किलोमीटर चालत रायपूरला पोचले. रायपूर म्हणजे भिलाईपासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर! ग्रामसभेच्या संमतीची कागदपत्रं खोटी आहेत, अशी त्यांची तक्रार होती. आणि मार्च-एप्रिल २०२२मध्ये काय झालं? त्याच काँग्रेस सरकारने जुन्या खाणीच्या दुसऱ्या टप्प्याला आणि परसाच्या नव्या खाणीला अंतिम मंजुरी दिली.

गावकरी धरण्याला बसले. गवगवा झाला. मग २६ जुलै २०२२ रोजी विधानसभेने हसदेवमधले कोळसापट्टे रद्द करावेत, असा ठराव एकमताने केला. तेव्हा विरोधी बाकांवर भाजप होता. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं. चालू खाणीत अजून ३५ कोटी टन कोळसा आहे, तो राजस्थानच्या ४३४० मेगावॉटच्या वीजकेंद्रांना आणखी वीसेक वर्षं पुरेल, तेव्हा नव्या खाणीची गरज नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. घरची वीज बंद करा म्हणणाऱ्यांना त्यांच्याच सरकारने दिलेलं हे उत्तर!

डिसेंबर २०२३मध्ये पुन्हा सत्तापालट झाला. नव्या मुख्यमंत्र्यांच्या शपथविधीला जेमतेम आठवडा लोटला असेल नसेल, तोच कडक पोलीस बंदोबस्तात झाडं तोडायला सुरुवात झाली. ऑक्टोबर २०२४मध्ये परसाच्या वृक्षतोडीच्या वेळी गावकरी आणि पोलीस यांच्यात झटापट झाली. २०२५मध्ये केते एक्स्टेन्शन या आणखी एका खाणीचा प्रस्ताव पुढे सरकला. एकमताने हात वर करणारे दोन्ही पक्ष होते, पण तो ठराव कायदा झाला नाही. राज्याने केंद्राकडे बोट दाखवायचं, केंद्राने राज्याच्या शिफारशीकडे. मधल्या मध्ये फाइल हलतच राहते.

परवाना म्हणजे वीस-तीस वर्षांचा शब्द

खाणीचा परवाना हा काही वर्षाभराचा भाडेकरार नव्हे. एकदा तो दिला की शेकडो कोटी रुपये गुंततात. रेल्वेमार्ग टाकला जातो, कर्जं काढली जातात, वीजकेंद्रं त्या कोळशाच्या भरवशावर चालतात. मग खाण मधेच बंद करायचं धाडस कुठल्याही सरकारला होत नाही. आज दिलेली परवानगी २०५०च्या पुढेही कोळसा जाळत राहील. आज पहिलीत जाणारं मूल तेव्हा तिशी ओलांडून गेलेलं असेल.

आपल्या देशाने २०२१च्या ग्लासगो परिषदेत २०७०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन दिलंय. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने सांगितलं, की जगाला २०५०पर्यंत हे साधायचं असेल, तर नव्या कोळसा खाणी उघडून चालणार नाही. आपली बाजूही लंगडी नाही. आपली सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशावरची, आणि दरडोई उत्सर्जनात श्रीमंत देश आपल्या कितीतरी पुढे. म्हणून चालू खाणी हळूहळू उतरवू, हे म्हणणं समजण्यासारखं आहे. पण पुरेसा कोळसा हाताशी असताना नवं जंगल तोडणं कसं समजून घ्यायचं?

किंमत तर लगेचच मोजावी लागते. देशातल्या हत्तींपैकी एक टक्काही हत्ती छत्तीसगडात नाहीत, पण हत्तींमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी पंधरा टक्क्यांहून अधिक इथले, असं भारतीय वन्यजीव संस्थेने हसदेवच्या अभ्यासात नोंदवलं आणि इथे खाणी नकोत असं बजावलं. वनसंशोधन परिषदेने मात्र कडक अटींवर चार खाणपट्ट्यांचा विचार होऊ शकतो, असं म्हटलं. सोयीचं तेवढं उचलण्यात आलं.

थांबवता येतं!

राजकारण्यांच्या मनात आलं, तर परवाना थांबतो. जून २०२०मध्ये केंद्राने ४१ कोळसापट्टे लिलावात काढले. त्यात चंद्रपूर जिल्ह्यातला, ताडोबाच्या वाघांच्या वाटेवरचा बांदेर पट्टा होता. महाराष्ट्राचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी विरोधाचं पत्र लिहिलं आणि त्याच वर्षी तो पट्टा यादीतून वगळला गेला. हसदेवमधलेही काही पट्टे तेव्हा मागे घेण्यात आले. हसदेवच्या लढ्यातले आलोक शुक्ला यांना २०२४मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, तोही तिथले २१ प्रस्तावित पट्टे अडवल्याबद्दल. म्हणजे लोक हटून बसले, की फाइल मागेही फिरते.

पुढच्या वेळी मतं मागायला कोणी दारात आलं, तर रस्ता, नळ आणि नोकरी यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट विचारा : ‘हसदेवमध्ये नव्या खाणीला परवाना देणार नाही, हे निवडून आल्यावरही म्हणाल ना? मग तसं लिहून द्या.’ भिलाईकराने हे विचारलं, तर त्याला कोळशाचा शत्रू म्हणायची कोणाची छाती होईल?