मल्लाचा वस्ताद होतो तेव्हा

लातूरचे नाव निघाले की आजच्या वाचकाला प्रथम गुणवत्ता याद्या, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे आठवतात. बाहेरगावच्या मुलाने येथे यावे, खोली करून राहावे आणि वैद्यकीय वा अभियांत्रिकी प्रवेशाची पात्रता मिळवून पुढे जावे, हा क्रम आता सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. परंतु या शैक्षणिक कीर्तीच्या कितीतरी आधी याच भूमीतून विद्येसाठी घर सोडणाऱ्या मुलांचा एक निराळा ओघ उलट दिशेने वाहत होता. ती विद्या मल्लविद्या होती आणि तिच्यासाठी पत्र्याची पेटी, दोन लंगोट आणि घरच्या तुपाचा डबा घेऊन मराठवाड्याची मुले कोल्हापूरचा रस्ता धरीत. त्या मुलांपैकी एक पुढे रुस्तुम-ए-हिंद झाला आणि त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे उतारवयात शेकडो मुलांचा ‘मामा’ झाला. हरिश्चंद्र बिराजदार यांच्या या दुसऱ्या जन्माकडे आपण जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही, असे मला मनापासून वाटते.

बिराजदारांचा जन्म 1950 मधला, निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड या गावचा. निजामाचा अंमल संपून तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि निलंगा हा तालुका हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात मोडत होता. 1956 मध्ये राज्यपुनर्रचनेने तो उस्मानाबादला जोडला गेला आणि 1982 मध्ये स्वतंत्र लातूर जिल्हा अस्तित्वात आल्यावर त्याचे दप्तर लातूरला आले. सरकारी नकाशावर अशी स्थित्यंतरे होत असताना गावचे जीवन मात्र पावसाच्या लहरीवर आणि ज्वारीच्या कणसावर पूर्वीसारखेच अवलंबून होते. अशा मुलखात अंगापिंडाने भरलेला मुलगा जन्मास आला म्हणजे त्याच्या पुढे दोनच वाटा असत, घरची औते धरणे किंवा यात्रेच्या फडात उतरणे.

यात्रांना मराठवाड्यात तोटा नव्हता. लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा असो की लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची, कुस्त्यांच्या फडाशिवाय ती पुरी होत नाही. रेवड्यांवर पोरांच्या जोड्या लागतात, मग रोख इनामावरच्या कुस्त्या होतात आणि दिवस कलता कलता मानाची शेवटची कुस्ती सुटते. परंतु यात्रा वर्षातून एकदा भरते आणि मल्लाला तर बारमाही तालीम, वस्ताद, तुल्यबळ जोडीदार आणि खुराक या चार गोष्टी रोजच्या रोज लागतात. कोल्हापुरात त्या एकवटल्या होत्या, कारण राजर्षी शाहू छत्रपतींनी मल्लविद्येला केवळ कौतुक दिले नाही, तर आश्रय दिला, वेतने दिली आणि 1912 मध्ये पूर्णत्वास गेलेले खासबागेचे मैदान दिले. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावे गावोगावच्या मुलांना पाठ असत. मराठवाड्याच्या मुलाला ही वाट धरणे म्हणजे एका प्रकारचे देशांतरच होते. भाषेचा हेल वेगळा, भाकरीबरोबरचे कालवण वेगळे, आणि खुराकाचा खर्च असा की घरच्या एका मुलाच्या दूध-बदामासाठी बाकीच्यांनी पोटाला चिमटा घ्यावा.

तालमीत पाऊल टाकल्यावर त्या मुलाचे पहिले काम कुस्ती खेळणे हे नसे. हौद्यातली लाल माती फावड्याने उकरणे, ती चाळून खडा अन् खडा वेचणे आणि मग तीत हळद, ताक, तेल, लिंबाचा रस घालून ती पायांनी एकजीव करणे, हे काम नव्या पोरांकडे असे. पहाटे चारच्या सुमारास दिवा लागे. जोर आणि बैठका यांची संख्या वस्तादाच्या शब्दावर ठरे, आणि लढती सुरू झाल्या की मऊ झालेल्या त्या मातीत घामाने भिजलेली अंगे एकमेकांना भिडत. मातीला हळद लागते ती खरचटलेल्या कातडीसाठी आणि तेल-ताक लागते ते माती अंगाला बोचू नये म्हणून, हे ज्ञान त्या मुलाला कोणी व्याख्यान देऊन सांगत नसे, ते त्याच्या तळपायांना कळत असे.

या शिस्तीतून बिराजदार घडले आणि 1969 मध्ये महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन लातुरातच भरले तेव्हा त्यांनी तो किताब आणि त्याची मानाची गदा जिंकली. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कुस्तीगीर परिषदेने 1961 मध्ये औरंगाबादेत या किताबाचा आरंभ केला होता. मराठवाड्यातून बाहेर गेलेल्या मुलाने आठ वर्षांनी मराठवाड्याच्याच मातीत तो मिळवावा, हा योग लोकांच्या हृदयाला भिडला नसता तरच नवल. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. 1972 मध्ये, ज्या वर्षी महाराष्ट्रातील लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती त्या वर्षी, ते रुस्तुम-ए-हिंद झाले. आणि 1977 मध्ये बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सतपाल यांचा पराभव केला. गुरू हनुमानांच्या आखाड्यातला हा तरणाबांड मल्ल त्या काळी महाराष्ट्रातील भल्याभल्यांना भारी पडत होता. त्यामुळे बेळगावच्या त्या निकालाची गोष्ट जुने शौकीन आजही सांगू लागले की मध्ये कोणाला बोलू देत नाहीत.

मल्लाचे आयुष्य मात्र येथेच निसरडे होते. शरीर तिशी ओलांडते, खुराकाची सवय सुटत नाही, इनामे थांबतात, आणि ज्याच्या नावावर हजारोंची गर्दी लोटत असे त्याला गावच्या पारावर जुन्या कुस्त्या सांगत बसण्याची वेळ येते. बिराजदारांनी हा मार्ग नाकारला. ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद म्हणून राहिले आणि स्वतःच्या नावाची पुंजी त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांवर खर्च केली. मराठवाड्यातून आलेल्या मुलाला पुण्यात आता कोणी परके नव्हते. ज्या वाटेने एकेकाळी ते एकटे गेले होते त्या वाटेवर त्यांनी बिऱ्हाड मांडले होते. मुले त्यांना ‘मामा’ म्हणत, आणि आपल्याकडे मामाचे घर कोणते, हे मराठी वाचकाला सांगावयास नको.

वस्ताद नेमके काय करतो, हे मैदानाबाहेर बसणाऱ्यास सहसा दिसत नाही. प्रतिस्पर्धी पट काढण्यासाठी पायांत झेपावतो तेव्हा नवखा मुलगा त्याला हातांनी अडवू पाहतो, आणि प्रेक्षकही हातांकडेच पाहतात. जाणत्या वस्तादाची नजर मात्र मुलाच्या पावलांवर असते. पुढचा पाय गरजेपेक्षा पुढे पडला आहे काय, टाच जमिनीला चिकटली आहे काय, कंबर वेळेवर मागे गेली काय, यावरून पट निघणार की निघणार नाही, याचा निवाडा त्याने आधीच केलेला असतो. मग तो कुस्ती थांबवून मुलाच्या पायाला हातातल्या काठीने स्पर्श करतो, पाऊल वीतभर मागे घ्यावयास लावतो, आणि तीच झेप पुनःपुन्हा घ्यावयास लावून पाय मागे फेकण्याची व छातीचा भार प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर टाकण्याची क्रिया विचाराच्या आधी घडू लागेपर्यंत सोडत नाही. ढाक, कलाजंग, घिस्सा, एकलांगी ही डावांची नावे कोणासही पाठ करता येतात; परंतु बचाव शिकविण्यास असे डोळे लागतात, जे स्वतः शेकडो वेळा मातीत पडून उघडलेले आहेत.

त्यातच बिराजदारांच्या पिढीच्या वस्तादांवर काळाने एक अवघड जबाबदारी टाकली. मातीवरच्या कुस्तीत पाठ टेकेपर्यंत धीर धरता येतो, दमाने समोरच्यास थकविता येते. मॅटवरच्या आजच्या फ्रीस्टाइल कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, प्रत्येक पकडीचे गुण, वर्तुळाबाहेर गेल्यास गुण गमावण्याची भीती, आणि दहा गुणांची आघाडी झाली की सामना तिथल्या तिथे समाप्त. ग्रीको-रोमन प्रकारात तर कमरेखाली हात लावण्यासही मज्जाव. मातीत धिमेपणाचे जे बाळकडू मिळते ते मॅटवर घातक ठरू शकते. माती न सोडता मॅट आत्मसात करणे, हा प्रश्न ज्यांनी सोडविला त्यांचेच शिष्य आंतरराष्ट्रीय मैदानात टिकले.

शिष्यांची साक्ष या बाबतीत पुरेशी बोलकी आहे. लातूर जिल्ह्यातील साई गावचे काका पवार ग्रीको-रोमन प्रकारात देशाकडून खेळले, 1998 च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले, आणि पुढे पुण्याजवळ कात्रजला त्यांनी स्वतःचे कुस्ती संकुल उभारले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे लहान वयात बिराजदार मामांकडे आला आणि मामांच्या पश्चात काका पवारांच्या हाताखाली तयार झाला. 2018 मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात त्याने सुवर्णपदक जिंकले आणि ते आपल्या दिवंगत गुरूंच्या चरणी अर्पण केले. गुरूच्या एडिंबरोतील पदकाला तेव्हा 48 वर्षे झाली होती. पुढल्या वर्षी जागतिक स्पर्धेत त्याने 61 किलो गटात कांस्यपदक मिळविले. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली ती नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात, आणि हे दोघेही काका पवारांचेच पठ्ठे होते. सदगीर जिंकला आणि त्याने हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. जेथे वस्तादाने कुस्तीबरोबर माणुसकीही शिकविलेली असते तेथेच असे दृश्य पाहावयास मिळते.

मल्लाचा वस्ताद होण्याची ही गोष्ट एकट्या बिराजदारांची नाही. बेळगावात हरलेले सतपाल पुढे 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये गुरू झाले आणि सुशीलकुमार व योगेश्वर दत्त हे ऑलिंपिक पदकविजेते त्यांच्या हाताखाली घडले. आपल्या जुन्या हैदराबाद राज्यातील फुटबॉलचा दाखलाही असाच आहे. हैदराबादचा बचावपटू सय्यद नईमुद्दीन कलकत्त्यास गेला, 1970 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघाचा तो कर्णधार होता, आणि नंतर प्रशिक्षक होऊन अर्जुन व द्रोणाचार्य हे दोन्ही सन्मान त्याने संपादन केले. अमेरिकेत तर परदेशातून आलेला फुटबॉलचा खेळाडू खेळण्याचे वय सरल्यावर विद्यापीठाचा पगारी प्रशिक्षक होतो, ही नित्याची बाब आहे. तेथे प्रशिक्षक हा विद्यापीठाच्या आस्थापनेचा घटक असतो आणि त्याच्या अनुभवाला पदाचा आधार असतो.

आपल्याकडे हा आधार अगदीच नाही असे नाही. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था 1961 पासून प्रशिक्षक घडवीत आहे, आणि 1985 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार प्रथम दिला गेला तेव्हा त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते, ही महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. तरीही गावाकडचा निवृत्त मल्ल आणि विद्यापीठाची क्रीडाव्यवस्था यांची गाठ क्वचितच पडते. एकाजवळ विद्या आहे, पण सनद नाही. दुसरीजवळ मैदान, मुले आणि निधी आहे, पण तालमीत मुरलेला वस्ताद नाही.

नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांसाठी नांदेडला 1994 पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि लातुरात त्याचे उपकेंद्र आहे. त्या उपकेंद्राच्या छायेत एक मातीचा हौदा, एक मॅट आणि बारमाही मानधनावर नेमलेला, स्वतः फडात उतरलेला एक वस्ताद, एवढी तजवीज झाली तर निलंग्याच्या किंवा औशाच्या मुलाला कोल्हापूर-पुण्यास जाण्याची सक्ती उरणार नाही. तो गेलाच तर आपल्या मर्जीने जाईल. ज्या जिल्ह्याने परीक्षेची तयारी हे शास्त्र बनवून दाखविले, त्या जिल्ह्याला हे काम अशक्य नाही. विद्यापीठाचे अधिकारी, गावोगावच्या यात्रा समित्या आणि लातूरचे सुखवस्तू नागरिक यांनी ते मनावर घ्यावे, हीच या लेखकाची विनंती आहे.