सांडपाणी शुद्ध होते म्हणजे काय होते?



शहराच्या खालच्या अंगाला ज्यांची शेती आहे, त्यांना सांडपाणी नवे नाही. मात्र ‘शुद्ध केलेले पाणी’ म्हणून जे मिळते, ते पिकाला कितपत चालेल, हा प्रश्न आपण नेहमी विचारता. त्यासाठी शुद्धीकरण केंद्रात काय घडते ते आधी पाहू.

पाणी प्रथम लोखंडी गजांच्या जाळीतून जाते. चिंध्या, प्लॅस्टिक तिथे अडकते. पुढे वाळू बसते, मग मोठ्या टाकीत दोन-एक तास संथ राहून जड गाळ. हे झाले नुसते निवळणे.

खरे काम त्यापुढचे. विरघळलेली घाण जाळीत सापडत नाही. ती जिवाणू खातात. शेणखताच्या खड्ड्यात काडीकचरा कुजवणाऱ्यांचेच हे भाऊबंद. त्यांना हवा लागते, म्हणून टाकीत यंत्राने सारखी हवा सोडतात. काही तासांत ते वाढतात, त्यांचे तपकिरी पुंजके होतात आणि शेवटच्या टाकीत तळाला बसतात. त्यातला थोडा गाळ परत हवेच्या टाकीत घालतात, अगदी विरजणासारखा. ही रीत १९१४ साली इंग्लंडात मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी मांडली. हवा बंद पडली की जिवाणू गुदमरतात. तेव्हा पाटाच्या पाण्याला कुजका वास आला, तर एक तर काम अर्धवट झाले आहे, नाहीतर वाटेत कच्चे सांडपाणी मिसळले आहे.

पण नितळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे. जंतांची अंडी क्लोरीनला सहसा दाद देत नाहीत. म्हणून कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी अशी कच्ची खायची पिके या पाण्यावर घेऊ नका; ऊस, कापूस घ्या. पाणी देताना गमबूट घाला, जेवणापूर्वी हात साबणाने धुवा. अनवाणी पायांतून अंकुशकृमी शिरतो.

नत्रही बऱ्याचदा पाण्यात राहते. उसाला युरिया नेहमीइतकाच टाकला तर ऊस माजतो, लोळतो आणि साखर उतरते. पाण्याची तपासणी करून मात्रा कमी करा. तेवढे पैसेही वाचतील.

क्षार मात्र जिवाणू खात नाहीत. ते जसेच्या तसे रानात येतात. भारी काळ्या जमिनीत निचरा नसेल तर चार-दोन वर्षांत पांढरा थर दिसू लागतो. अशा रानात आधी चर काढा, शक्य असेल तेव्हा विहिरीचे गोडे पाणी आलटून-पालटून द्या, आणि दर उन्हाळ्यात रान मोकळे झाल्यावर मातीचा नमुना तपासणीला पाठवा.